मनगट जरा तिरकं धरा!

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून पाय सटकला, वळणावर स्कूटर घसरली किंवा गोविंदा थरावरून कोसळला, की माणूस विचार न करता एकच गोष्ट करतो: हात पुढे टाकतो. अख्ख्या अंगाचा भार तळव्यावर येतो आणि तासाभरात मनगट टम्म सुजतं. मग एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियन सांगू लागतो, "हात पालथा ठेवा. आता कडेवर उभा करा. आता अर्धा वळवा. आता मूठ घट्ट आवळा. आता पंजा करंगळीकडे झुकवा." दुखऱ्या हाताने हे सगळं करताना पेशंटच्या मनात येतं की एवढ्याशा मनगटाचे इतके फोटो कशाला?

कारण मनगट एका कोनातून खरं सांगत नाही. प्रत्येक तिरका एक्स-रे एक वेगळा प्रश्न विचारतो आणि त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. कोणता कोन काय दाखवतो, याच्या या काही गोष्टी.

आठ हाडं, एकमेकांच्या आड

मनगटात आठ छोटी हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळींत. त्यांच्या एका बाजूला कोपराकडून येणारी रेडियस आणि अल्ना ही दोन लांब हाडं, दुसऱ्या बाजूला तळहाताची पाच. एवढा सगळा संसार दोन-तीन इंचांत मावलेला. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. पुढचं हाड आणि मागचं हाड एकाच कागदावर एकमेकांवर पडतं, आणि त्या गर्दीत बारीक भेग सहज हरवते.

भेग दिसण्याचं गणित तर आणखी कडक आहे. बंद दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसायला डोळा नेमका फटीच्या रेषेत आणावा लागतो. एक पाऊल बाजूला सरकलं की दार सलग दिसतं. हाडातल्या भेगेचंही तसंच आहे. किरण भेगेच्या रेषेतून आरपार गेले तरच काळी रेघ उमटते, आडवे गेले तर तुटलेलं हाड अखंड दिसतं. म्हणून हाडांच्या डॉक्टरांचा जुना नियम आहे: एकमेकांशी काटकोनातले किमान दोन एक्स-रे हवेतच. मनगटाला बहुतेक वेळा तिसराही लागतो, हात साधारण 45 अंशांत वळवून काढलेला. त्याला ऑब्लिक म्हणतात.

सगळ्यात लबाड हाड

अंगठा ताणून वर उचला. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी, दोन ताठ शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये एक खळगा पडेल. त्या शिरा नसून अंगठा हलवणारे स्नायुबंध आहेत. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर याच खळग्यात ठेवून नाकाला लावत, म्हणून शरीरशास्त्रातही त्या जागेचं नाव तपकिरीच्या डबीवरून पडलेलं आहे. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड आहे. मनगटाच्या आठ छोट्या हाडांच्या फ्रॅक्चरपैकी साधारण 60 ते 70 टक्के फ्रॅक्चर या एकट्याची असतात.

तरीही ती निसटतात, आणि याचं कारण हाडाच्या बसण्यात आहे. स्कॅफॉइड हाताच्या पातळीत सपाट पडलेलं नसतं, ते तळव्याच्या दिशेने जवळजवळ 45 अंश कललेलं असतं. हात पालथा ठेवून सरळ वरून फोटो काढला, तर ते आखडून आखूड दिसतं आणि त्याच्या मधल्या भागातली भेग त्या आखडण्यातच लपते.

उपाय दोन, आणि दोन्ही सोपे. पंजा करंगळीकडे झुकवला की स्कॅफॉइड उताणं होऊन लांब पसरतं. त्याच वेळी एक्स-रेची नळी साधारण 20 अंश कोपराकडे कलवली किंवा बोटांची बाजू तेवढीच उचलून धरली, की हाड पूर्ण लांबीने समोर येतं. विल्यम स्टेचर यांनी 1937 मध्ये या हाडासाठी अशी मांडणी सुचवली आणि आजही टेक्निशियन "स्टेचर व्ह्यू" हे नाव घेतात. मशीन तेच असतं, फक्त वीस अंशांचा फरक पडतो आणि न दिसलेली भेग दिसू लागते. रेडिओलॉजीतली इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

एवढं करूनही पहिल्या दिवशी काही भेगा हुलकावणी देतात. अशा वेळी चांगले डॉक्टर रिपोर्टपेक्षा खळग्यावर जास्त विश्वास ठेवतात: तिथे दाबल्यावर दुखतंय ना, मग एक्स-रे नॉर्मल असला तरी हाताला आधार बांधा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा काढा. तोवर भेगेच्या दोन्ही काठांवरचं थोडं हाड शरीर स्वतःच विरघळवून टाकतं, फट रुंदावते आणि आधी न दिसलेली रेघ उमटते. थांबायचं नसेल तर एमआरआय हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

इतकी काळजी का घ्यायची? कारण या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने होतो. बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकाने शिरतं आणि मागे कोपराच्या दिशेने सरकतं. मधोमध हाड तुटलं की मागच्या तुकड्याचं रक्त तोडलं जातं. तो तुकडा नीट जुळत नाही, कधी मरूनही जातो, आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो. बहुतेक वेळा हे फ्रॅक्चर तरुण मुलांना होतं. "मुरगळलंय, होईल बरं" म्हणत ते आठवड्याभरात पुन्हा मैदानात उतरतात. त्यात कुणी तेल लावून जोराने चोळलं किंवा "हाड बसवून" दिलं, तर नुकसान आणखी वाढतं.

पडणं तेच, मोडणं वेगळं

हात पुढे टाकून पडण्याची तऱ्हा सगळ्यांची सारखीच, पण कुठलं हाड मोडणार हे वय ठरवतं.

लहान मुलांचं हाड लवचीक असतं. ते तुटण्याऐवजी दबतं आणि रेडियसच्या टोकाजवळ एका बाजूला छोटा फुगवटा येतो. त्याला बकल फ्रॅक्चर म्हणतात. कधी कधी समोरून काढलेल्या फोटोत ते जवळजवळ दिसतच नाही आणि कडेवरून काढलेल्यात हाडाच्या सरळ काठावरची ती छोटी घडी स्पष्ट होते. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 965 मुलांवरचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. या फ्रॅक्चरला कडक आधार दिलेल्या आणि साधं मऊ बँडेज दिलेल्या मुलांच्या वेदनेत तीन दिवसांनी फरक आढळला नाही. मात्र हे फक्त बकल फ्रॅक्चरबद्दल खरं आहे, आणि ते बकलच आहे हे ठरवायला दोन कोन लागतातच.

थोड्या मोठ्या मुलांत इजा हाडाच्या वाढीच्या पट्टीला होते, विशी-पंचविशीत स्कॅफॉइडला. आणि साठीच्या आजी पडल्या तर रेडियसचं टोकच मोडून मागे सरकतं. बाजूने पाहिलं तर हाताला काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा बाक येतो. डॉक्टरी पुस्तकांतही त्याचं हेच वर्णन असतं. आजींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही अनेकदा हाडं ठिसूळ झाल्याची पहिली सूचना असते. प्लास्टर निघाल्यावर विषय संपवू नका, हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. मनगटाने वेळेत इशारा दिला तर पुढचं खुब्याचं फ्रॅक्चर टाळता येतं.

एक्स-रे नसताना ओळखलेलं फ्रॅक्चर

या काट्यासारख्या बाकाचं वर्णन डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलेस यांनी 1814 मध्ये छापलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा 81 वर्षं बाकी होती. तोवर असं मनगट म्हणजे सांधा निखळला, असंच बहुतेक जण समजत. हे निखळणं नाही, रेडियस टोकापासून थोडं वर मोडलेलं आहे, हे कॉलेस यांनी बोटांनी चाचपून आणि बारीक निरीक्षणाने सांगितलं. 1843 मध्ये ते वारले. आपलं म्हणणं खरं ठरलेलं फिल्मवर पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं, पण ते फ्रॅक्चर आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे 8 नोव्हेंबर 1895 ला जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे अदृश्य किरण सापडले. 22 डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बर्था यांच्या हाताचा एक्स-रे काढला. बोटांची हाडं आणि त्यात तरंगणारी अंगठी दाखवणारा तो फोटो जगभर गाजला. रॉन्टगेन यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही, म्हणूनच काही आठवड्यांत जिथे तिथे लोक हाताचे एक्स-रे काढू लागले.

आणि त्यात मनगट अगदी पहिल्या रांगेत होतं. जानेवारी 1896 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये, गोठलेल्या कनेटिकट नदीवर स्केटिंग करताना एडी मॅकार्थी नावाचा 14 वर्षांचा मुलगा पडला आणि त्याचं डावं मनगट मोडलं. 3 फेब्रुवारीला डार्टमथ कॉलेजात खगोलशास्त्राचे प्राध्यापक एडविन फ्रॉस्ट यांनी, डॉक्टर असलेले आपले भाऊ गिलमन यांच्या पेशंटसाठी, त्याचा एक्स-रे काढला. पोराला हात 20 मिनिटं तसाच धरून बसावं लागलं. अमेरिकेत उपचारासाठी काढलेला हा पहिला एक्स-रे मानला जातो. आज तेच काम सेकंदाच्या एका अंशात होतं.

मूठ आवळा, दात दाखवा

स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारचं लुनेट यांना एक मजबूत बंध धरून ठेवतो. हा बंध तुटला तर हाड एकही मोडलेलं नसतं, पण मनगट दगा देतं. हात सैल ठेवून काढलेल्या फोटोत दोन्ही हाडं निमूट शेजारी बसलेली दिसतात. मग टेक्निशियन मूठ घट्ट आवळायला सांगतो. मूठ आवळली की मनगटाच्या दुसऱ्या ओळीतलं कॅपिटेट नावाचं मोठं हाड मागे दाबलं जातं, पाचर मारल्यासारखं या दोघांमध्ये घुसू पाहतं, आणि बंध तुटला असेल तर फट उघडते. ती 3 मिलिमीटरहून जास्त असेल तर डॉक्टर सावध होतात.

या फटीला जगभरच्या रेडिओलॉजी विभागांत एका विनोदी नटाचं नाव आहे. टेरी-थॉमस हा ब्रिटिश नट, पुढच्या दोन दातांतल्या मोठ्या फटीसाठी प्रसिद्ध होता. पडद्यावर तो हसायचा आणि ती फट दिसायची. 1970च्या दशकाच्या शेवटी एक्स-रेतल्या या फटीला "टेरी-थॉमस साइन" म्हणायला सुरुवात झाली आणि ते नाव पाठ्यपुस्तकांत कायम झालं. अशा नावांना मी हसण्यावारी नेत नाही. रात्रपाळीच्या थकलेल्या निवासी डॉक्टरला मिलिमीटरचं कोष्टक आठवणार नाही, पण नटाचे दात आठवतील, आणि पेशंटचं मनगट वाचेल.

कडेवरून पाहिलं की कप सांडतो

कडेवरून, म्हणजे करंगळीची बाजू खाली टेकवून काढलेला एक्स-रे वाचायला सगळ्यात अवघड. आठही हाडं एकावर एक. तरी त्यात एक सरळ रेषा शोधायची: खाली रेडियस, त्यावर कपासारखं लुनेट, आणि कपात बसलेलं कॅपिटेट. ही रांग मोडली आणि कप तळव्याकडे कलंडलेला दिसला तर लुनेट जागेवरून निखळलं आहे. या खुणेचं नावच "सांडलेला चहाचा कप". लुनेट आणि त्याच्या आसपासच्या अशा इजा मोठ्या असतात, तरी जवळपास चारातली एक सुरुवातीला नजरेतून सुटते, कारण समोरच्या फोटोत सगळं बरं असल्यासारखं वाटतं.

समोरचा फोटो तपासायलाही एक युक्ती आहे. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट लुई गिलुला यांनी 1979 मध्ये सुचवलं की हाडांच्या कडांवरून मनातल्या मनात तीन कमानी आखा. पहिल्या ओळीच्या हाडांची कोपराकडची कड, त्यांचीच बोटांकडची कड, आणि दुसऱ्या ओळीच्या दोन मोठ्या हाडांची कोपराकडची कड. तिन्ही कमानी गुळगुळीत हव्यात. कुठे पायरी पडली की तिथे घोटाळा आहे. तुमच्याकडे स्वतःचा जुना एक्स-रे पडून असेल तर उजेडासमोर धरून पाहा, कमानी सापडतात.

कडेवरच्या फोटोचं आणखी एक गमतीदार पात्र म्हणजे बदक. मनगटाच्या मागच्या बाजूला ट्रायक्वेट्रम नावाचं हाड असतं. पडताना त्याचा बारीक टवका उडतो आणि फक्त कडेच्या फोटोत, हाडांच्या मागे सुटा दिसतो. हाडांच्या रांगेत बदकाचा आकार पाहून रेडिओलॉजिस्टांनी त्या टवक्याला बदकाची विष्ठा ठरवलं आहे! स्कॅफॉइडच्या खालोखाल आढळणारं हे फ्रॅक्चर समोरच्या फोटोत जवळपास अदृश्य असतं.

पण कडेचा फोटो खरोखर कडेचाच आहे हे कशावरून? त्यालाही कसोटी आहे. पिसिफॉर्म नावाचं वाटाण्याएवढं हाड स्कॅफॉइडचं टोक आणि कॅपिटेट यांच्या मधोमध पडलं पाहिजे. ते सरकलेलं दिसलं तर हात थोडा वळला होता. अशा फोटोवरून मोजलेले कोन फसवे असतात. टेक्निशियन "पुन्हा काढू या" म्हणाला तर कुरकुर करू नका, तो काम नीट करतोय.

आणि हाडांपलीकडेही बघायचं असतं. कडेच्या फोटोत रेडियसच्या तळव्याकडच्या बाजूला चरबीची एक काळसर पट्टी असते. ती फुगून पुढे ढकललेली दिसली, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते, म्हणजे न दिसणारं फ्रॅक्चर कुठेतरी असू शकतं.

22 अंशांचा उतार

रेडियसचं टोक सपाट नसतं. अंगठ्याकडून करंगळीकडे त्याला साधारण 22 अंशांचा उतार असतो आणि तळव्याकडे सुमारे 11 अंशांचा कल. मोडलेलं हाड बसवताना सर्जन हेच आकडे परत आणायची धडपड करतात.

पण याच उतारामुळे एक घोळ होतो. मोडलेल्या मनगटावर प्लेट बसवून स्क्रू मारले, की त्यातला एखादा सांध्यात तर घुसला नाही ना, हे पाहायचं असतं. सरळ कडेवरून पाहिलं तर उतारामुळे रेडियसचा उंच भाग सांध्यावर सावली टाकतो आणि चांगला बसलेला स्क्रूही सांध्यात घुसल्यासारखा भासतो. मग हात टेबलावरून साधारण 20 ते 23 अंश उचलतात. किरण उताराच्या रेषेत येतात, सांधा स्वच्छ उघडतो, आणि स्क्रू कुठे आहे ते कळतं. ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्याआधी हा एक तिरका फोटो पाहणं पुढची कित्येक वर्षांची दुखणी वाचवतं. स्क्रूचं टोक मागच्या बाजूने बाहेर येऊन अंगठ्याच्या स्नायुबंधाला घासतंय का, हे बघायला मनगट पूर्ण वाकवून वरून क्षितिजासारखा फोटो घेतात, त्याचं नाव स्कायलाइन व्ह्यू.

झेल घेणारे हात आणि बॅटची मूठ

दोन्ही हात पुढे, तळवे वर, झेल घ्यायला ओंजळ केल्यासारखे अर्धवट वळवलेले. डेन्मार्कच्या नॉरगार्ड यांनी 1965 मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली आणि तिला "बॉल कॅचर व्ह्यू" हे नाव पडलं. तिचा फ्रॅक्चरशी फारसा संबंध नाही, ती आमवातासाठी आहे. या आजारात सांध्याजवळच्या हाडाला बारीक कुरतडल्यासारखे खड्डे पडतात, आणि सुरुवातीचे खड्डे या तिरक्या कोनातून चांगले दिसतात.

आता बॅट, रॅकेट किंवा गोल्फची स्टिक धरणाऱ्यांचं हाड. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या मऊ भागात हॅमेट नावाच्या हाडाला पुढे आलेला एक आकडा असतो. बॅटची मूठ नेमकी त्यावर टेकते. चुकीचा फटका बसला की झटका थेट त्या आकड्यावर, आणि तो मोडतो. समोरच्या फोटोत हा आकडा हाडाच्या अंगावरच पडतो, म्हणून दिसत नाही. तो पाहायला मनगट मागे वाकवून, बोटं ओढून धरून, 25 ते 30 अंशांतून किरण सोडतात. त्यात तळव्याच्या बोगद्याची कमान दिसते आणि कमानीच्या एका टोकाला आकडा एकटा उभा असतो. करंगळीखाली महिनोन् महिने दुखणाऱ्या फलंदाजाने हा फोटो किंवा सीटी स्कॅन मागावा.

ड्रायव्हरचं मनगट

मोटारी हँडल मारून सुरू करायच्या त्या काळात इंजिन कधी उलट फिरायचं आणि हँडल तळव्यावर आदळायचं. रेडियसचं अंगठ्याकडचं टोक मोडायचं. हे इतकं ठरलेलं होतं की त्याचं नावच "शोफर फ्रॅक्चर" पडलं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला आणि हळूहळू हँडल गेलं, नाव मात्र राहिलं. आपल्याकडे शेतातलं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्यांना हा झटका काय असतो ते चांगलं ठाऊक आहे. हे फ्रॅक्चर समोरच्या फोटोत सहसा दिसतं, पण बारीक असेल तर ऑब्लिक लागतो.

मनगटावर लिहिलेलं वय

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठ हाडांच्या जागी बहुधा रिकामी जागा दिसते! सगळी कूर्चा असते, किरण तिच्यातून निघून जातात. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट उमटतात, मग एकेक हाड हजर होत जातं, आणि पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी, साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान. शेवटी रेडियसची वाढीची पट्टी मिटते. मुली यात मुलांच्या साधारण दोनेक वर्षं पुढे असतात.

या क्रमावरून हाडाचं वय काढतात, आणि त्यासाठी डाव्या हाताचा फोटो घेतात. ग्रॉइलिक आणि पाइल यांचा 1950 सालचा चित्रसंग्रह आजही जगभर वापरात आहे. मुंबईत मुख्यालय असलेलं बीसीसीआय 16 वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे घेऊन हाडाचं वय काढणारी टॅनर-व्हाइटहाउस पद्धत वापरतं. पण हाडाचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच म्हटलं आहे की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. बाल न्याय कायदाही आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहायला सांगतो, एक्स-रे सगळ्यात शेवटी. ही काळजी योग्यच आहे. एका पोराचं सगळं आयुष्य दोन मिलिमीटरच्या पट्टीवर टांगू नये.

याच फोटोत मुडदूसही दिसतो. ड जीवनसत्त्व कमी पडलं की रेडियसचं वाढतं टोक वाटीसारखं खोलगट आणि कडेने विस्कटलेलं होतं. मुलाचं मनगट जाड वाटतंय म्हणून काढलेल्या एक्स-रेत कित्येकदा हेच सापडतं.

बांगडी, दोरा आणि काच

एक्स-रेआधी बांगड्या, घड्याळ, अंगठ्या, तांब्याचं कडं काढून ठेवायला सांगतात. धातूची पांढरी सावली नेमकी भेगेवर पडली तर भेग झाकली जाते. साधा दोरा फारसा आड येत नाही, पण त्यातला ताईत येतो.

काचेची बांगडी फुटून तुकडा मनगटात घुसला तर? अनेकांची समजूत असते की काच पारदर्शक, म्हणून एक्स-रेत दिसणार नाही. प्रत्यक्षात जवळपास सगळ्या प्रकारची काच एक्स-रेत दिसते, मग ती रंगीत असो वा साधी. दोन कोनांतून फोटो काढले तर तुकडा किती खोल आहे तेही कळतं. उलट बाभळीचा काटा किंवा लाकडाची कुसळ बहुधा दिसत नाही, तिथे सोनोग्राफी कामाला येते.

चार फोटो म्हणजे किती किरण?

मनगटाच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.001 मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो. जमीन, हवा, आकाश यांतून प्रत्येकाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट आपोआप मिळतात. म्हणजे चार कोनांतले चार फोटो काढले तरी एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांहून कमीच भरतात. एक जास्तीचा कोन टाळून फ्रॅक्चर चुकवण्यापेक्षा तो काढून घेणं केव्हाही शहाणपणाचं. गरोदर बायकांनी तेवढं आधी सांगावं. देशातल्या एक्स-रे मशीनवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच आहे आणि त्याच्या परवान्याशिवाय मशीन चालवता येत नाही. तो परवाना दाखवा, असं कुठल्याही सेंटरला बेधडक सांगा.

संगणकही आता एक्स-रे वाचू लागला आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फ्रॅक्चर शोधायला मदत करणाऱ्या एका सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. त्याचं कार्यक्षेत्र मनगटच होतं, पण फक्त मोठ्या माणसांचं, फक्त रेडियसचं टोक, आणि फक्त समोरचा व कडेचा फोटो. म्हणजे स्कॅफॉइड त्याच्याही कक्षेबाहेर होतं.

आणि स्कॅफॉइडची भेग शोधायला डॉक्टरांना पेशंटची मदत लागते. चिठ्ठीवर नुसतं "उजवं मनगट" लिहिलेलं असेल तर टेक्निशियन ठरलेले दोन फोटो काढेल आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून डॉक्टरांना आणि टेक्निशियनला "इथे कुठेतरी दुखतंय" असं सांगू नका, एका बोटाने नेमकी जागा दाखवा. अंगठ्याच्या खळग्यात दुखत असेल तर "स्कॅफॉइड व्ह्यू काढणार ना?" असं स्पष्ट विचारा. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही खळगा दुखतच असेल, तर दोन आठवड्यांच्या आत हात घेऊन परत जा.